ब्राउनी, फटाके आणि खंडू (कुत्र्याने चॉकलेट खाल्लं तर)

धागाकर्ता: आळशी_अण्णा | विभाग: पाळीव प्राणी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमचा खंडू मरता मरता वाचला. आत्ता तो दिवाणाखाली पसरून घोरतोय, म्हणून हे टंकायला बसलोय. कुत्र्याला चॉकलेट देऊ नये हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण उन्हातून आल्या आल्या गार पाणी पिऊ नये हे जसं माहीत असतं, तसंच तेही. म्हणजे ऐकलेलं.

खंडू देशी आहे, चार वर्षांचा, अंगावर वाघासारखे पट्टे आणि काळीज सशाचं. फटाक्यांचं त्याला भयंकर वावडं. दर दिवाळीला संध्याकाळी सहाच्या आत त्याला मागच्या खोलीत नेतो, खिडक्या लावतो, पंखा पाचवर, रेडिओ मोठ्याने आणि त्याची गोधडी पलंगाखाली. यंदाही तेच केलं. फरक एवढाच, की स्वयंपाकघरात फराळाच्या डब्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून लेकीने ब्राउनीचा ट्रे गार व्हायला त्याच खोलीतल्या टेबलावर नेऊन ठेवला होता. ती घरून बेकिंगच्या ऑर्डरी घेते, भाऊबीजेचे डबे होते. ट्रे तिने ठेवला, दार मी लावलं. एकमेकांना कोणी विचारलं नाही.

पूजा, आरती, शेजारीपाजारी असं करत साडेआठ वाजले. दार उघडलं तर चोवीस तुकड्यांपैकी सहा गायब आणि टेबलक्लॉथवर पंजाचे ठसे. सांगायला लाज वाटते, पण आम्ही हसलो. बायको म्हणाली, "आज याचीही दिवाळी." लेक तेवढी रडवेली झाली, तीही खंडूसाठी नाही, ऑर्डरसाठी.

पुढच्या दोन तासांसाठीच हा धागा काढलाय. खंडू धापा टाकत होता. एका जागी बसेना, या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या. भांडंभर पाणी प्यायला, परत भरलं, तेही संपवलं. कान मागे, डोळे मोठे. आता मला सांगा, लक्ष्मीपूजनाला रात्री नऊ वाजता बाहेर हजाराची माळ लागलेली असताना घाबरट कुत्रा धापा टाकतोय, याचा अर्थ कोण काय लावेल? आम्ही तोच लावला. "फटाके रे बाबा, होईल शांत," म्हणून बायकोने त्याला मांडीत घेतलं. मग तीच म्हणाली, "याची छाती बघा कशी उडतेय." हात ठेवला तर बरगड्यांखाली शिलाई मशीन चालू.

दहानंतर फटाके त्यातल्या त्यात थांबले. खंडू थांबला नाही. उलट मागच्या पायांना थरथर सुरू झाली.

पहिल्या दवाखान्याचा फोन नुसता वाजत राहिला. दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी "दूध पाजा, सकाळी घेऊन या" म्हणालं. तिसरा फोन लेकीच्या मैत्रिणीच्या मांजराच्या डॉक्टरणीला. मी काय झालं ते सांगायला लागलो, तर मला मध्येच तोडून त्या म्हणाल्या, "रेसिपी सांगा." मला वाटलं चुकीचा नंबर लागला.

कोको पावडर किती ग्रॅम, वर चॉकलेट घातलंय का, ट्रेचे तुकडे किती, खाल्ले किती, मनुका आहेत का, साखर साधीच की शुगर-फ्री काही, कुत्र्याचं वजन किती. लेकीला बाकी सगळं तोंडपाठ होतं: कोको १०० ग्रॅम, चॉकलेट नाही, अक्रोड आहेत, मनुका नाहीत, साखर साधी. वजन मात्र कोणालाच ठाऊक नाही. "त्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग खाली ठेवून परत." खंडूसकट ८९, एकटा ७५. (माझं ७५ बायकोने ऐकलं. त्यावर नंतर स्वतंत्र चर्चा झाली.)

मिठाईच्या बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. कोकोच्या एका ग्रॅममध्ये साधारण २८ मिलिग्रॅम विष, १०० ग्रॅममध्ये २८००. भागिले २४, गुणिले ६, झाले ७००. भागिले १४ किलो. किलोमागे ५०. पलीकडून ऐकू आलं, "वीसला पोट बिघडतं, चाळीस-पन्नासला हृदय, साठला झटके. गाडीत बसा." आणि फोन बंद.

दवाखान्यात पोचलो तेव्हा पावणेबारा. ठोके मिनिटाला १९० च्या आसपास. उलटीचं इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांत खंडूने एक काळपट गोळा बाहेर टाकला आणि अख्ख्या दवाखान्याला बेकरीचा वास सुटला. (परवापासून मी ब्राउनी खाल्लेली नाही. होत नाही.) मग कोळशाची पूड पाण्यात कालवून पोटात, सलाईन, थरथरीवर इंजेक्शन, छातीला ईसीजीच्या चिमट्या. दर तासाला त्याला उचलून बाहेर लघवीला न्यायचं काम माझं. पाडव्याला सकाळी सातला ठोके १२० वर आले आणि महाशयांनी माझ्या सदऱ्यावर काळी लाळ पुसली.

बिल साडेसात हजार. पाडव्याची ओवाळणी समजून दिलं. पुढचे दोन दिवस शी डांबरासारखी काळी होती. ती कोळशाची असते, घाबरू नका.

तुमचे अनुभव लिहा. आणि कोणी जाणकार असतील तर नीट समजावून सांगा, कारण माझं ज्ञान वरच्या बिलाच्या पाठीवर संपतं.

---

चकली_सोऱ्या
बापरे! वाचताना हातातला चहा गार झाला. खंडूला माझ्याकडून कानामागे खाजवा. आमची बेला याच दिवाळीत कोपऱ्यात धापा टाकत बसली होती, मीही फटाकेच समजले. ते फटाकेच होते बहुतेक, पण आता ऑफिसातून आलेले चॉकलेटचे डबे मोजायला जातेय.

---

जुना_वाडेकर
छान लिहिलंय. पण जरा अति होतंय असं नाही वाटत? आमच्या वाड्यात टॉमी होता. गोळ्या, चॉकलेट, बासुंदी, श्रीखंड, श्राद्धाची खीर, सगळं हाणायचा. चौदा वर्षं जगला. हल्लीची कुत्री नाजूक की मालक, हा संशोधनाचा विषय आहे.

---

आळशी_अण्णा
वाडेकरकाका, टॉमीला मिळणारं 'चॉकलेट' म्हणजे लिमलेटची नाहीतर संत्र्याची गोळी असणार. आपल्या लहानपणी दुकानातल्या प्रत्येक गोळीला चॉकलेटच म्हणायचे. त्यात कोको कुठला?

---

गोठा_ते_ओपीडी
मी पशुवैद्य आहे. नोकरीची पहिली दहा वर्षं गाई-म्हशींत गेली, आता शहरात कुत्री-मांजरं बघतो. फोनवरून टंकतोय, चुका पोटात घाला.

अण्णा, तुमच्या डॉक्टरणीने रेसिपी विचारली हे शंभर टक्के बरोबर. "कुत्र्याने चॉकलेट खाल्लं" एवढ्याने आम्हाला काही कळत नाही. कोणतं, किती आणि किती किलोच्या कुत्र्याने, हे तीन आकडे लागतात.

विष म्हणजे थिओब्रोमिन, आणि जोडीला थोडं कॅफिन. दोन्ही सख्खी भावंडं. आपण खाल्लेल्या थिओब्रोमिनपैकी निम्मं आपलं शरीर सहा ते दहा तासांत निकालात काढतं. कुत्र्याच्या यकृताला तेवढ्याच कामाला साडेसतरा तासांच्या आसपास लागतात. म्हणजे संध्याकाळी खाल्लेलं दुसऱ्या दिवशी दुपारीसुद्धा बऱ्यापैकी शिल्लक. आपल्याला ज्याने तरतरी येते, ते त्याच्या अंगात दीड-दोन दिवस फिरत राहतं. मेंदू आणि हृदयाला "जरा हळू" म्हणणारा अडेनोसिन नावाचा निरोप्या असतो, हे त्याचीच जागा अडवतं. म्हणून अस्वस्थपणा, धावते ठोके, थरथर, ताप, शेवटी झटके. तहान आणि लघवीही वाढते. खाल्ल्यावर दोन-चार तासांत सुरू होतं, कधी बारा तासही लागतात, आणि तीन दिवस रेंगाळू शकतं.

आकडे लिहून ठेवा, सगळे ग्रॅममागे आणि अंदाजे. दुधाचं चॉकलेट २.३ मिग्रॅ. साधं डार्क साडेपाच. वेष्टनावर ७०-८० टक्के लिहिलेलं असेल तर आठ-नऊ. बिनसाखरेचं बेकिंगचं १६. कोको पावडर २८. पांढऱ्या चॉकलेटात जवळजवळ शून्य, पण त्यातल्या तुपा-साखरेने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून तेही खाऊ घालू नका. सगळ्यात वाईट केसेस मी डेअरी चॉकलेटच्या बघितलेल्या नाहीत, घरी केक करणाऱ्यांकडच्या बघितल्यात. पाव किलो कोकोचा फोडलेला पुडा खालच्या कप्प्यात असतो. चार किलोच्या पॉमेरेनियनला त्यातले दोन चमचे म्हणजे दहा-बारा ग्रॅम पुरतात.

याला उतारा नाही. सापाच्या विषावर लस असते तसं यावर काही नाही. जमेल तेवढं पोटातून काढायचं, उरलेलं कोळशाने धरून ठेवायचं आणि शरीर काम संपवेपर्यंत हृदय आणि झटके सांभाळायचे. कोळसा एकदा देऊन भागत नाही, कारण थिओब्रोमिन यकृतातून पित्तावाटे परत आतड्यात उतरतं आणि पुन्हा रक्तात जातं. लघवीला तासातासाने नेण्यामागेही कारण आहे: मूत्राशयात लघवी तुंबली तर त्याच्या भिंतीतून विष परत आत शोषलं जातं. तुमच्या हातून अर्धा उपचार झाला, अण्णा.

वाडेकरकाका, दुधाचं चॉकलेट चार चौकोन आणि तीस किलोचा कुत्रा, तर खरंच काही होत नाही. तुमचं निरीक्षण खोटं नाही, त्यावरून काढलेला नियम चुकीचा आहे.

---

नदीकाठची
डॉक्टर, खूप आभार. दवाखाना लांब असेल तर मीठपाणी पाजून घरीच उलटी काढावी का? आमच्या गावी विष खाल्लेल्या माणसालाही तेच करायचे.

---

गोठा_ते_ओपीडी
नको, अजिबात नको. कुत्र्याने उलटी केली नाही तर ते मीठ अंगातच राहतं, रक्तातलं सोडियम चढतं आणि त्यानेच झटके येतात. चॉकलेटने मेला नसता तो मिठाने जातो. बोटं घशात घालू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड तीन टक्क्यांचं काही वेळा वापरतो, पण डॉक्टर फोनवर असतील आणि त्यांनी वजनाप्रमाणे मिली सांगितले असतील तरच, आणि मांजराला कधीच नाही. कुत्रा गुंगलेला असेल, थरथरत असेल किंवा पगसारख्या चपट्या नाकाचा असेल, तर उलटी फुप्फुसात जाण्याची भीती.

दूध, ताक, तूप, हळद, कोथिंबिरीचा रस, यातलं काहीही थिओब्रोमिन अडवत नाही. वेळ मात्र जातो. दवाखाना लांब असेल तर लवकर निघा. चॉकलेट पोटात गोळा होऊन बराच वेळ बसतं, त्यामुळे तीन-चार तासांनीही उलटीत बरंच निघतं. अण्णांच्या खंडूचा गोळा तोच.

---

रीडिंगकर
मी इंग्लंडात असते. इथे हा प्रकार दिवाळीऐवजी नाताळ आणि ईस्टरला. लिव्हरपूल विद्यापीठातल्या मंडळींनी २०१२ ते २०१७ मधल्या देशभरातल्या दवाखान्यांच्या नोंदी चाळल्या होत्या. नाताळच्या दिवसांत चॉकलेट खाऊन आलेली कुत्री एरवीच्या चौपटीहून जास्त, ईस्टरला दुप्पट. आणि तरुण कुत्री जास्त, म्हाताऱ्यांना अक्कल आलेली असते.

आमच्याकडे झाडाखाली कागदात गुंडाळून भेटी ठेवतात. माणसाला कळत नाही आत काय आहे, कुत्र्याला पहिल्या मिनिटाला कळतं. मागच्या वर्षी शेजारणीच्या बीगलने चॉकलेट, वेष्टन, रिबीन आणि शुभेच्छापत्र, सगळं त्याच क्रमाने खाल्लं. डॉक्टरांना चॉकलेटपेक्षा रिबिनीची काळजी जास्त होती.

---

रसायन_सर
एक अवांतर. थिओब्रोमिनमध्ये ब्रोमीन नसतं, दर वर्षी एक तरी विद्यार्थी विचारतो. कोकोच्या झाडाचं शास्त्रीय नाव थिओब्रोमा, ते लिनिअसने १७५३ मध्ये दिलं, ग्रीकमध्ये अर्थ 'देवांचं अन्न'. त्यावरून रसायनाचं नाव.

---

चकली_सोऱ्या
देवांचं अन्न, आणि खंडोबाच्या कुत्र्याला पचलं नाही :)

---

तपकिरी_मांजर
मांजरांबद्दल कोणी बोलेल का? आमच्या म्यावडीने चॉकलेट आईस्क्रीमची वाटी चाटलेली मी बघितली आहे.

---

गोठा_ते_ओपीडी
मांजरालाही थिओब्रोमिन चढतं. पण मांजराला गोड चव कळतच नाही. जिभेवरचा गोडाचा रिसेप्टर बनवणारा एक जनुक त्यांच्यात मोडका आहे, २००५ मध्ये ते उघड झालं. म्यावडी आईस्क्रीममधल्या साईसाठी आली होती. म्हणून मांजरांच्या चॉकलेट-केसेस फार थोड्या.

तुम्ही मांजरवाले आहात तर एवढं लिहून ठेवा: मांजराला पॅरासिटामॉल नको. ताप वाटतो म्हणून मुलांच्या सिरपचे चार थेंब देतात आणि दुसऱ्या दिवशी हिरड्या चॉकलेटी रंगाच्या झालेलं मांजर माझ्या टेबलावर असतं. त्या चॉकलेटी रंगाची मला जास्त भीती वाटते.

---

पक्षीराज
पोपटाला चॉकलेट?

---

जुना_वाडेकर
आपला हिरवा पोपट पाळणं कायद्याने गुन्हा आहे हो.

---

पक्षीराज
कॉकॅटिल आहे काका, परदेशी आहे, चालतो. बसा खाली.

---

गोठा_ते_ओपीडी
चॉकलेट नको, अव्होकाडो तर मुळीच नको. पक्ष्याचं अख्खं वजन शंभर ग्रॅम, त्यात चूक करायला जागाच नसते.

---

न्यू_हॅम्पशायरी
आमच्या राज्यातली, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरची गोष्ट सांगतो. २०१४ च्या सप्टेंबरात इथल्या जंगलात चार काळी अस्वलं एकाच ठिकाणी मेलेली सापडली, दोन माद्या आणि दोन पिल्लं. गोळीची खूण नाही, जखम नाही. शिकाऱ्याने त्यांना खेचायला आमिष म्हणून चॉकलेट आणि डोनट मिळून ९० पौंड माल टाकला होता, म्हणजे आपले चाळीस किलो. तपासणीत थिओब्रोमिन निघालं. अस्वलं आमिषापासून पन्नास फुटांच्या आत पडली होती, लांब जायलाही जमलं नाही. त्यानंतर इथे आमिषात चॉकलेट वापरायला बंदी आली.

अस्वलाचं वजन किती आणि तरी ही गत. गणितात वरचा आकडा मोठा झाला की खालचा कितीही मोठा असून उपयोग नाही.

---

सोसायटीची_सेक्रेटरी
मला एक विचारायचंय, कारण आमच्याकडे हा रोजचा विषय आहे. पोरांचे वाढदिवस क्लबहाऊसमध्ये होतात. केक निम्मा तोंडाला फासतात, निम्मा उरतो आणि तो गेटवरच्या कुत्र्यांना. चांगल्या मनाने देतात. ट्रफल केक असतो हल्ली, अख्खा काळा. गेटवर चार कुत्री आहेत, त्यात एक लंगडी म्हातारी. तिला एकदा केकनंतर रात्रभर भुंकत गोल गोल फिरताना वॉचमनने पाहिलं, लोकांनी तक्रार माझ्याकडे केली की कुत्री पिसाळली. पालिकेला फोन करायची भाषा सुरू झाली होती. आता वाटतंय, ती ट्रफलच होती का?

---

गोठा_ते_ओपीडी
न बघता सांगता येणार नाही. पण पिसाळलेलं समजून आणलेली आणि सकाळपर्यंत ठीक झालेली कुत्री मी बघितली आहेत. चावरेपणा, लाळ, गिळता न येणं असं काही असेल तर अर्थात हात लावू नका, तज्ज्ञाला बोलवा. सोसायटीत एक कागद चिकटवा: केक नको, पोळी-भात चालेल.

---

आळशी_अण्णा
डॉक्टर, मनुकांचं काय? आमच्याकडे त्या नव्हत्या म्हटल्यावर बाईंचा जीव भांड्यात पडल्याचं फोनवरून कळलं.

---

गोठा_ते_ओपीडी
बरं झालं आठवण केलीत, फ्रूट-अँड-नट खाल्लेल्या कुत्र्यात आमचं लक्ष चॉकलेटकडे असतं आणि मूत्रपिंडं मनुकांनी जातात. द्राक्षं, मनुका, बेदाणे तिन्ही. सगळ्या कुत्र्यांना होतं असं नाही, कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून मनुकांचं वजन-गणित करून निर्धास्त होऊ नका. बरीच वर्षं कारण सापडत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राच्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. ते चिंचेतही भरपूर असतं. चिंचगुळाची आमटी कालवलेला भात कुत्र्याला घालणाऱ्यांनी (आमच्या मातोश्री त्यात) इकडे लक्ष द्यावं.

शुगर-फ्री विचारलं ते झायलिटॉलसाठी, म्हणजे साखरेऐवजी घालतात त्या गोड पदार्थासाठी. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये, काही पीनट बटरमध्ये असतं. कुत्र्याची साखर अर्ध्या-एक तासात कोसळते, नंतर यकृतावर जातं. तिथे तर चॉकलेटएवढाही वेळ मिळत नाही. वेष्टन सोबत आणा, चघळलेलं असलं तरी.

---

जुना_वाडेकर
आईला फोन करून विचारलं. टॉमीला आम्ही द्यायचो त्या लिमलेटच्याच गोळ्या होत्या. आणि आई म्हणते तो चौदा नाही, नऊ वर्षं जगला. मागे घेतो.

---

नदीकाठची
हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवावा असा आहे.

---

केकवेडी_७
सगळं वाचलं, डोळे पाणावले, कोकोचा डबा वरच्या फडताळात कडीत ठेवला. आता अण्णा, रागावू नका, पण १०० ग्रॅम कोको, चॉकलेट अजिबात नाही आणि तरी ब्राउनी मऊ झाली? पाकृ टाका ना.

---

आळशी_अण्णा
वाटच बघत होतो कोण विचारतंय. लेक म्हणते पाकृच्या विभागात टाकते, लोणी किती ते मला सांगता येत नाही. एक बदल केलाय तिने: डब्यांवरच्या चिठ्ठीत साहित्याच्या खाली आता 'कुत्र्यापासून लांब ठेवा' आणि एका तुकड्यात कोको किती ग्रॅम, ते लिहिते. एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही नवीन डाएटची भानगड का.

---

रात्रपाळी *(धागा वर काढतोय, अडीच महिन्यांनी)*
आत्ता पहाटेचे दोन. बारशाहून आलेला डबा आमच्या लॅब्रॅडॉरने फोडला, साधं दुधाचं चॉकलेट, मनुका-बदाम काही नाही, रिकामी वेष्टनं जोडून मोजली तर ११० ग्रॅम. बायको रडत गाडीची किल्ली शोधतेय. हा धागा आठवला. कुत्र्याला उचलून काट्यावर उभा राहिलो, कंबर धरली, पण कुत्रा ३१ किलो. ११० गुणिले २.३ म्हणजे २५३, भागिले ३१, आठच्या आसपास. बरोबर आहे ना? वीसच्या खाली?

---

गोठा_ते_ओपीडी
बरोबर आहे. जागाच आहे मी, एका गाईचं अडलंय म्हणून जुन्या गावाहून फोन चालू आहेत. आज रात्री बहुतेक एखादी उलटी, पातळ शी. पाणी भरून ठेवा, दोन-तीनदा बाहेर न्या. ठोके बरगड्यांवर हात ठेवून पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा, निवांत पडलेला असताना १४० च्या वर जायला लागले किंवा थरथर दिसली तर निघा. वेष्टनं सगळी सापडली का, एखादं पोटात तर नाही?

---

रात्रपाळी
एक कमी आहे. चंदेरी.

---

गोठा_ते_ओपीडी
मग दोन दिवस शीकडे लक्ष ठेवा. चमकेल. सारख्या उलट्या झाल्या किंवा खाणं सोडलं तर वाट न बघता दवाखान्यात.

---

रात्रपाळी
चमकली. गुरुवारी सकाळी, बागेत, सगळ्यांसमोर.